खणखणीत की बद्द? आवाजाची इंग्रजी विशेषणं

भांडी बाजारात पितळेचं पातेलं घ्यायला गेलं की माझ्या सासूबाई ते आधी वाजवून बघायच्या. काठ डाव्या हाताच्या बोटांवर अलगद तोलायचा आणि उजव्या हाताचं बोट वाकवून पोटावर एकदाच टकटक करायची. खणखणीत वाजलं तर पुढे भावाचं बोलणं. बद्द वाजलं तर दुकानदार काहीही म्हणो, पातेलं परत फळीवर. "भांडं बोलतं गं, आपण ऐकायचं," म्हणायच्या. डोळ्यांना न दिसणारी चीर त्यांना कानाने सापडायची.

हे आठवलं ते नववीतल्या एका मुलीची वही तपासताना. मी पंचवटीत घरीच इंग्रजी शिकवते. आपल्या शहरावर निबंध होता आणि तिने लिहिलं होतं, 'द बेल ऑफ नारोशंकर टेम्पल हॅज अ व्हेरी स्वीट साउंड.' पुढे रामकुंडावरची आरती स्वीट, कोकिळा स्वीट, मावशीचा आवाजही स्वीट. दोन ठिकाणी 'स्वीट' खोडून वर 'मेलोडियस' लिहिलं होतं, कारण तो शब्द मार्क मिळवून देतो असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

नारोशंकराची घंटा म्हणजे पोर्तुगीज घंटा. मराठ्यांनी 1739 मध्ये वसईचा किल्ला जिंकला, त्या विजयाची खूण म्हणून ती गोदाकाठच्या या देवळात आली. देऊळ बांधलं 1747 मध्ये, नारोशंकर राजेबहाद्दरांनी. एवढ्या थोरल्या घंटेला 'स्वीट' म्हणणं म्हणजे पहिलवानाला नाजूक म्हणण्यासारखं आहे. मी विचारलं, "तू ऐकली आहेस का गं ती?" तर म्हणाली, "नाही मॅडम, घंटा आहे म्हणून लिहिलं."

तिच्या आजीला विचारा, मंजुळ, खणखणीत, घोगरा, किनरा, भसाडा, चिरका, पहाडी, आर्त असे पंधरा-वीस शब्द सहज काढून देईल. कान आपल्याकडे तयारच आहे. इंग्रजीत उतरलो की मात्र तो बाहेर चपला काढाव्यात तसा काढून ठेवतो आणि दोन शब्दांवर भागवतो. वास्तविक इंग्रजीतली आवाजाची बहुतेक विशेषणं आवाजाची मुळी नाहीतच. ती कुठल्या तरी वस्तूवरून, चवीवरून, स्पर्शावरून आली आहेत. ती वस्तू कोणती हे कळलं की शब्द कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे पाठ करावं लागत नाही.

भांडी बाजारातूनच सुरुवात करू, कारण धातूंचे शब्द सगळ्यात ठसठशीत आहेत.

शाळेच्या विज्ञानात धातूंचा एक गुणधर्म येतो, नादमयता. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात त्याच धड्यात शब्द असतो 'सोनोरस'. ठोकलं की घुमून वाजणारा. मुलं तो धातूंच्या धड्यात पाठ करतात आणि निबंध लिहिताना विसरून जातात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण हा भाषेतला अतिशय देखणा शब्द आहे. मूळ लॅटिन, नादाशी जोडलेलं. आवाज खोल, भरीव, घुमणारा असेल तर तो सोनोरस. मोठी घंटा सोनोरस, पंडित भीमसेन जोशींचा षड्ज सोनोरस, सभा गाजवणाऱ्या वक्त्याचा आवाज सोनोरस. त्याचा सख्खा शेजारी 'रेझोनंट'. याच्या लॅटिन मुळात 'पुन्हा वाजणे' आहे, म्हणजे आवाज भिंतींवरून, छातीतून किंवा तंबोऱ्याच्या भोपळ्यातून परत येतो. सोनोरसमध्ये भारदस्तपणा जास्त, रेझोनंटमध्ये घुमारा जास्त.

घंटा इतका वेळ का घुमते? घंटेचं कांसं म्हणजे साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील. हा मिश्रधातू कडक असतो, ठोका बसल्यावर उठलेली कंपनं तो आतल्या आत जिरू देत नाही. चीर गेली की तिच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, कंपनं तिथेच मरतात, आणि सासूबाईंचं 'बद्द' ऐकू येतं. या बद्दला इंग्रजीत 'डल' म्हणतात. डल म्हणजे फक्त 'ढ' नव्हे. ज्याची धार आणि चमक गेली ते सगळं डल, मग ती सुरी असो, रंग असो की आवाज.

आता चांदी. पूर्वी लोक चांदीचा रुपया दगडावर वाजवून घेत, खोटा असेल तर लगेच कळे. 'सिल्व्हरी' आवाज म्हणजे तसा, वरच्या पट्टीतला, हलका, स्वच्छ किणकिणणारा. लहान मुलीचं हसू सिल्व्हरी असतं. आपल्या 'मंजुळ'च्या हा बराच जवळ येतो. पितळेवरून आलेला 'ब्रासी' मात्र कौतुकाचा म्हणून वापरू नका. लग्नाच्या बॅंडमधलं ट्रम्पेट कानाशी वाजलं की जे वाटतं ते ब्रासी. मोठा, उघडा, जरा अंगावर येणारा आवाज. नाशिकच्या पितळेचा मला अभिमान आहे, तरी इंग्रजीने पितळेला ही जागा दिली आहे ती दिली आहे. आणि पत्र्याच्या डब्यासारखा आवाज 'टिनी', यात कौतुकाचा अंशही नाही. मोबाइलच्या स्पीकरवर गाणं लावलं की तबल्याचा डग्गा गायब होतो आणि नुसती टणटण उरते, ते टिनी. एवढासा स्पीकर खालच्या स्वरांसाठी लागेल इतकी हवा हलवूच शकत नाही, म्हणून वरचंवरचं तेवढं ऐकू येतं.

इथे जरा थांबून आवाजाच्या रचनेकडे बघायला हवं, नाहीतर पुढचे शब्द हवेत राहतील. तार छेडली की एकच स्वर निघतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनंही उठत असतात. कान ती सुटी सुटी ऐकत नाही, त्यांचं मिश्रण ऐकतो. बासरी आणि व्हायोलिन एकाच पट्टीत, एकाच जोराने वाजली तरी डोळे मिटून ओळखू येतात, ती या मिश्रणामुळे. वरची कंपनं जोरदार असतील तर आवाज 'ब्राइट', ती दबलेली असतील तर 'डार्क' किंवा 'वॉर्म'. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात तेव्हा वादक हेच वरचे स्वर खुलवत असतो. 'आवाजाला जवारी आहे' असं आपले गवई म्हणतात, तेही याच गुणाबद्दल. या सगळ्या गुणाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा उच्चार 'टॅम्बर'. स्पेलिंग बघून पुष्कळजण 'टिंबर' वाचतात. लाकडाशी त्याचा काही संबंध नाही, फ्रेंचमधून आलेला तो शब्द मुळात एका ग्रीक ढोलाचं नाव आहे.

चवीचे शब्द बघू. 'मेलिफ्लुअस' या शब्दात मध आहे आणि वाहणं आहे, दोन्ही लॅटिन. त्यामुळे नुसती गोडी असून चालत नाही, धार अखंड हवी. चमच्यावरून मध सोडला की तो तुटत नाही, तसा. कीर्तनकाराचं निरूपण मेलिफ्लुअस असू शकतं, ठुमरी असू शकते. तुटक ठेक्याचं, खटकेबाज गाणं कितीही गोड असलं तरी मेलिफ्लुअस नाही. 'डल्सेट'ही गोडच, लॅटिन 'डल्सिस'वरून आलेला. पण इथे सांभाळा. आजच्या बोलण्यात 'डल्सेट टोन्स' हे शब्द पुष्कळदा चेष्टेने येतात. कुणी सकाळी सकाळी घरावर ओरडत सुटलं की इंग्रज माणूस म्हणेल, आज यांच्या डल्सेट टोन्सनी जाग आली. कार्यक्रमपत्रिकेत एखाद्या ज्येष्ठ गायिकेसाठी हा शब्द मनापासून लिहिला, तरी वाचणारा गालात हसण्याची शक्यता राहते. मी तरी तो टाळते.

माझा सगळ्यात आवडता 'मेलो'. नाशिककरांना तो शिकवायला मला फार सोपं जातं, कारण हा मुळात फळाचा शब्द आहे. पिकून मऊ, रसाळ झालेलं, आंबटपणा ओसरलेलं फळ मेलो. द्राक्षबागेत शेतकरी घड काढायची घाई करत नाही, कारण द्राक्ष आंब्यासारखं तोडल्यावर पिकत नाही, गोडी वेलीवरच यावी लागते. आवाजही तसा वेलीवर पिकतो. तरुणपणी टोकदार असलेला आवाज पन्नाशीनंतर कडा झिजून गोल होतो, तो मेलो. आपण 'मुरलेला आवाज' म्हणतो. आपण लोणच्याकडून आलो, ते फळाकडून, पोचलो जवळजवळ एकाच ठिकाणी. म्हणून आठ वर्षांच्या मुलाचा आवाज कितीही छान असला तरी त्याला मेलो म्हणताना माझं पेन अडतं.

स्पर्शाचे शब्द पटकन कळतात. 'वेल्व्हेटी' म्हणजे आपला मखमली, 'ग्रॅव्हली' म्हणजे खडी पसरल्यासारखा खरखरीत. फक्त 'हस्की' आणि 'होर्स' यांची गल्लत फार होते. घोगरा हा एकच मराठी शब्द दोन्हीकडे जातो, तिथे घोळ आहे. सर्दीने, ओरडून ओरडून घसा बसला की आवाज होर्स. हस्की या शब्दात धान्याचं फोल आहे, म्हणजे कोरडेपणा आहे, पण त्या कोरडेपणाला एक ओढ असते, ऐकत राहावंसं वाटतं. होर्स हे दुखणं, हस्की हा स्वभाव. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या क्लासमधली निम्मी मुलं होर्स असतात.

आता ज्या चुकीने सगळ्यात जास्त घोटाळा होतो ती. मराठीत 'आवाज चढवू नकोस' म्हणताना आपण बहुधा जोराबद्दल बोलतो, आणि 'आवाज वर चढत नाही' म्हणताना पट्टीबद्दल. तिथून 'डोंट टॉक इन अ हाय व्हॉइस' असं वाक्य जन्माला येतं. इंग्रजीत या दोन खिडक्या वेगळ्या आहेत. किती जोरात, यासाठी 'लाउड' आणि 'सॉफ्ट'. किती वरच्या पट्टीत, यासाठी 'हाय' आणि 'लो'. काळी चारमध्ये गाणारी मुलगी हाय गाते, मग ती कुजबुजल्यासारखी का गाईना. पण 'इन अ लो व्हॉइस' म्हटलं की मात्र सहसा हळू आवाजात असा अर्थ होतो, म्हणून खर्जातल्या आवाजाला 'डीप' म्हणावं. 'फ्लॅट' आणि 'शार्प' यांची तऱ्हा आणखी वेगळी. स्वरलिपीत फ्लॅट म्हणजे कोमल आणि शार्प म्हणजे तीव्र, त्यात काही वावगं नाही. गायकाबद्दल 'शी वॉज फ्लॅट' म्हटलं तर मात्र ती सुरापेक्षा खाली लागली, म्हणजे बेसूर झाली. आणि नुसत्या बोलण्याला फ्लॅट म्हटलं तर त्यात भावना नव्हती. एकाच शब्दाच्या या तीन गोष्टी, संदर्भ बघितल्याशिवाय हात लावू नये.

'मेलोडियस'कडे येते, कारण मुलीने तो मार्कांसाठी घातला होता. मेलडी ग्रीक शब्दावरून आली, त्यात गाणंच आहे. एकामागून एक येणाऱ्या स्वरांची ओळ, आपण जिला चाल म्हणतो, ती मेलडी. कानाला गोड लागणारी चाल किंवा आवाज मेलोडियस. 'मेलॉडिक' यात गोडीची हमी नाही, तो नुसता 'चालीसंबंधीचा' इतकंच सांगतो. मारवा रागातला एखादा बेचैन करणारा स्वरसमूह मेलॉडिक दृष्टीने विलक्षण असतो, त्याला मेलोडियस म्हणणं पुरेसं नाही. 'ट्यूनफुल' हा साधा, घरगुती शब्द, सहज गुणगुणता येणाऱ्या चालीसाठी. जी चाल तोंडात बसते आणि दिवसभर निघत नाही ती 'कॅची'. 'म्युझिकल' माणसाला लावला तर अर्थ 'गोड' असा नाही. 'ही इज म्युझिकल' म्हणजे त्याला संगीताचं अंग आहे.

आणि 'हार्मोनियस'. मूळ ग्रीक शब्दात सांधा आहे, सुताराने दोन फळ्या जोडाव्यात तसा. म्हणजे हार्मोनियस व्हायला एकाहून जास्त गोष्टी हव्यात. वेगवेगळे स्वर एकाच वेळी वाजून जुळले की हार्मनी. एकटा गायक ख्याल गातोय आणि आपण 'व्हेरी हार्मोनियस' म्हणतोय, हे बसत नाही, कारण आपलं रागसंगीत चालीवर उभं आहे, स्वरांच्या अशा जोडण्यांवर नाही. हार्मोनियमचं नाव याच शब्दावरून आलं. पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबॅं यांनी 1842 मध्ये तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडे येऊन तिने स्वर जोडण्याचं काम बाजूला ठेवलं आणि गायकाच्या मागे एकेक स्वर चालू लागली. तिचे स्वर ठरलेले, त्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, म्हणून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दूर ठेवलं होतं. घरातली पेटी उघडली की मला हे सगळं आठवतं.

आवाजाला पाण्याचंही एक विशेषण आहे, 'लिंपिड'. तळ दिसावा इतकं निवळशंख पाणी. दत्तात्रेय विष्णु पलुसकर नाशिकचे, जन्म 1921 चा. गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पं. विष्णु दिगंबरांचे ते चिरंजीव. 1955 मध्ये अवघ्या 34 व्या वर्षी गेले. त्यांची भजनं ऐकताना शब्द, सूर आणि भाव तिन्ही तळापर्यंत दिसतात. कुठे गढूळ नाही, कुठे दाखवेगिरीचा तरंग नाही. त्यांच्यासाठी मी स्वीट लिहिणार नाही, मेलिफ्लुअसही नाही. लिंपिड लिहीन.

भावाचे शब्द बरेच आहेत, पण अडखळायला होतं ते 'हॉंटिंग'पाशी. शब्दकोशात भुतंखेतं दिसतात आणि मुलं घाबरतात. चालीला हॉंटिंग म्हटलं की ती पाठ सोडत नाही, आणि तिच्यात एक हळवं दुःख आहे. हे मोठं कौतुक आहे. आपलं 'आर्त' जवळजवळ जसंच्या तसं 'प्लेंटिव्ह'मध्ये बसतं. बोलण्यातल्या हेलासाठीही दोन शब्द आहेत. आमच्या जिल्ह्यात बागलाणाकडे अहिराणी ऐका, वाक्य झोका घेत येतं, ते 'लिल्टिंग'. वर्गात कविता हेल काढून म्हणतात, दर ओळीला तीच चढण आणि तोच उतार, ते 'सिंगसॉंग', आणि ते कंटाळवाणं असतं. नाशिक ढोलाला यातलं काहीच लागत नाही. त्याच्यासाठी 'बूमिंग' आणि 'थंडरस', आणि ताशाच्या कडक बोलाला 'क्रिस्प'.

एक गंमत बघा. मंजुळ म्हणताना ओठ मिटतात, जीभ अलगद वळते. कर्कश म्हणताना घसा खरवडतो. इंग्रजीतही मेलो, लल, मेलिफ्लुअस यांत म-ल-ची वर्दळ, आणि श्रिल, रॉकस, स्ट्रायडंट या कर्कशपणाच्या शब्दांत र-क-ट-ची. हा काही पक्का नियम नाही, स्वीटमध्येही ट आहेच. पण दोन शब्दांत अडलात तर मोठ्याने म्हणून बघा. माझ्या क्लासमध्ये आम्ही तसंच करतो, आणि मुलं पुष्कळदा बरोबर शब्दावर येतात.

त्या मुलीला मी निबंध परत दिला आणि म्हटलं, जी घंटा ऐकली आहेस तिच्यावरच चार ओळी लिहून आण. दोन दिवसांनी आणल्या. गल्लीतल्या देवळाची घंटा 'डीप अँड सोनोरस'. ती थांबल्यावरही दगडी खांबाला हात लावला की हाताला कळते, असं तिने लिहिलं होतं, आणि हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. खाली देवघरातल्या घंटीबद्दल एक ओळ होती. ती घंटी आजीच्या आईची. एकदा पडून तिला चीर गेली, तेव्हापासून बद्द वाजते, पण आजी बदलू देत नाही. तिला मुलीने विशेषण लावलं होतं, 'हस्की'.

हस्की गळ्याला म्हणतात, घंटीला नाही. तिथे डल हवं. मी तिला दोन्ही शब्दांतला फरक सांगितला. तिने ऐकून घेतला, थोडा वेळ वहीकडे बघितलं आणि म्हणाली, "पण मॅडम, ती आजीसारखीच वाजते."

ती ओळ मी तशीच राहू दिली.